कथा कोणाला सांगायची?

मुस्लिम जीवनावरचा एक नवा कथासंग्रह आम्ही मोठ्या अपेक्षेने वाचायला घेतला. लेखक आपल्यातलाच, मराठीत लिहिणारा. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही म्हणत आलो आहोत की, आमचे जगणे आमच्याच माणसांनी लिहावे. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकाची आम्ही वाट पाहतो. या संग्रहाने मात्र निराशा केली.

जवळपास प्रत्येक कथेत तलाक, बुरखा, नाहीतर दंगल. हे विषय खोटे नाहीत. 1966 साली हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानसभेवर नेला, तो हेच दुःख वेशीवर टांगण्यासाठी. तेव्हा विषयांबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की, या कथांतली माणसे पोटासाठी काय करतात तेच कळत नाही. बागवानाची हातगाडी, पिंजाऱ्याची धनुकली, गावगाड्यात बलुते मागणारा मुलाणी, यांपैकी कोणी इकडे फिरकत नाही. कोकणातली खाला आणि मराठवाड्यातली नानी एकच सिनेमातली उर्दू बोलतात. मग आपल्या घराघरांतली कोकणी आणि दखनी बोली गेली कुठे?

सर्वांत खटकला तो एक प्रसंग. नुकतीच विधवा झालेल्या आईला मुलगी इद्दत म्हणजे काय ते समजावून सांगते. कुठल्या मुसलमान घरात लेक आईला हे शिकवते? ते वाक्य आईसाठी नाहीच. ते आपल्याला न ओळखणाऱ्या वाचकासाठी आहे. सगळा संग्रहच त्याच्याकडे तोंड करून उभा आहे आणि आम्ही त्याच्या पाठीशी.

दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी 1965 सालची. त्यांची मते आपल्यातल्या अनेकांना आजही पटत नाहीत. पण त्या कादंबरीतले कोकणातले गाव, तिथले मुसलमान आणि इतर जाती, त्यांचे हेवेदावे खुलाशावाचून उभे राहतात. आपण आपली माणसे लगेच ओळखतो.

‘आधीच लिहिणारे मोजके, त्यांनाही नाउमेद का करता?’ असे कोणी म्हणेल. मोजके आहेत म्हणूनच बोलावे लागते. परक्याची समजूत घालण्यासाठी लिहिलेल्या कथेत त्यालाही माणूस भेटत नाही, फक्त माहिती मिळते. ती त्याला वर्तमानपत्रातही मिळते. आमच्या मुलाणीचाचांना भेटायला मात्र त्याला कथेच्याच दारात यावे लागेल.