नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या गेले आठ दिवस आमच्या भोरच्या घरांत मुक्कामास आहे. तिला घेऊन आली ती आमची पुतणी. नऊ एक ओळीनें मांडून त्या संख्येस तिनेंच गुणावें, कीं ही उभी राहते. एकापासून नवापर्यंत चढावें आणि त्याच पायऱ्यांनीं एकापर्यंत उतरावें. वेल्ह्याहून तोरण्यावर जाऊन आल्या वाटेनें परतणाऱ्या माणसासारखी तिची चाल आहे.

आमच्या थोरल्या काकांचें पाठांतर जुन्या वळणाचें. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’मध्यें संख्यास्थानांचीं अठरा नांवें दिलीं आहेत, तीं घेऊन त्यांनीं ही संख्या खणखणीत वाचून दाखविली : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पांच महापद्म... परार्धाचें शेवटचें स्थान तेवढें रिकामें राहिलें, याचा त्यांना विशेष आनंद झाला.

संख्या दिसावयास जितकी सरळ, तितकीच आंतून भरलेली आहे. ती मूळ संख्या नव्हे, हें तर उघडच आहे; पण फोडूं गेल्यास पहिल्यानें मिळतात ८१ आणि १२३४५६७९ चा वर्ग. या दुसऱ्या संख्येंतून आठ कोठें गेला, हें कोडें मुलांना फार आवडलें! तिचे पुन्हां दोन तुकडे होतात, ३७ आणि ३३३६६७. तेथें मात्र फोड थांबते. ३३३६६७ खरोखरच मूळ आहे काय, हें पाहावयाचें तर ५७७ पर्यंतच्या सर्व, म्हणजे १०६, मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागतें. पावसानें वीज गेलेल्या दोन संध्याकाळीं आमच्या पुतणीनें ते भागाकार हातानें केले. यंत्र हें क्षणांत सांगतें, हें तिलाही ठाऊक आहे.

आणखी एक गंमत अशी, कीं या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ नेंच तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हें गोड नांव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ सालीं डहाणूस जन्मले. फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें; पुढें १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. आमच्या या पाहुणीचें कूळही त्यांनींच अभ्यासिलें व मुंबईपासून सुमारें ३० मैलांवरील डेमलो स्टेशनाचें नांव त्या कुळास दिलें. आगगाडीची वाट पाहतां पाहतां मनुष्य काय काय करूं शकतो! १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील मासिकांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष इकडे वळलें.

“पण पेन्शन पुरेना म्हणून म्हातारपणीं शिकवण्या कराव्या लागल्या, तें कोण सांगणार?” काका म्हणाले. हा प्रश्न कापरेकरांविषयींचा नव्हता. पुतणीला पुण्यास जाऊन शुद्ध गणितच शिकावयाचें आहे, आणि घरांतील वडील मंडळींचा कौल लवकर नोकरी देणाऱ्या शिक्षणाकडे आहे. काकांचें म्हणणें खोटें नाहीं, तरी आमचें मत मुलीच्या बाजूचें आहे. आणि तें आम्हीं स्पष्ट बोलून दाखविलें.

काकांनीं मग तिला विचारिलें, “दहा एक घेतले तर?” तिनें कागदावर एकाखालीं एक सरकत्या ओळी मांडल्या. मधल्या रकान्यांत दहा एक आले. शून्य मांडून हातचा एक डावीकडे गेला, तेथील नवाचे दहा झाले, पुन्हां शून्य, पुन्हां हातचा, आणि आठाचे नऊ. उत्तर आलें १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखरच ढांसळलें! नऊपर्यंत हातचा येत नाहीं म्हणूनच ती चढण टिकते, असें ती म्हणाली.

काका वाचूं लागले तों अंक एकोणीस भरले. अठरा नांवें संपलीं आणि पहिल्या एकाला ‘लीलावती’च्या यादींत स्थान उरलें नाहीं. ते कांहीं वेळ बोटें मोजीत राहिले. मग चष्मा पुसून त्यांनीं प्रवेशाचा अर्ज मागून घेतला आणि विषयांचा रकाना वाचावयास सुरुवात केली.