बुडीचा जमाखर्च

कर्जत-खालापूरच्या माणसाला पाण्याचे नवल नाही. पावसाळ्यात ते डोक्यावर कोसळते आणि एरवी नदीतून वाहते. खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी तिथे वीज देऊन मोकळे होते आणि पाताळगंगा व पेज भर उन्हाळ्यातही वाहत्या ठेवते. नवल आहे ते समुद्राच्या तळाचे! म्हणून दिवाळीची सुटी आली की इकडची तरुण मंडळी मालवणला बुडी मारण्याचे बेत आखतात, आणि गाडी अडते ती पैशापाशी.

पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेण्याचे हे यंत्र जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये सिद्ध केले. आज त्याचे दोन भाव आहेत. शिक्षकाचा हात धरून मारायची एक बुडी साधारण हजार-दोन हजारांत होते. तीन-चार दिवस शिकून १८ मीटरपर्यंत उतरण्याचा दाखला हवा असेल, तर २५ ते ३५ हजार धरावेत. नवख्याने आधी पहिला सौदा करावा. पाणी मानवले तर दुसरा.

आता काटकसर कुठे? प्रवासात खुशाल करा. पनवेलला कोकण रेल्वे धरा, कुडाळला उतरा. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. राहायला घरगुती सोय पाहा. साधने विकत घेऊ नका. ती तिथेच मिळतात. दाखल्यासाठी २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे यावे लागते. ते घरीच शिकून जा, मात्र जाणत्या माणसाच्या नजरेखाली आणि संथ पाण्यात. वीजगृहाचे पाणी वाढायला वेळ लागत नाही.

शिक्षकाच्या बाबतीत मात्र घासाघीस नको. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. वर येताना छातीतली हवा फुगते, म्हणून श्वास कोंडणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. हे आधी नीट समजावणारा, एका वेळी मोजकीच माणसे नेणारा शिक्षक शंभर-दोनशे रुपये जास्त मागत असेल, तर ते मुकाट्याने द्यावेत. दमा किंवा कानाचे दुखणे असेल, तर डॉक्टरांची फीही याच हिशेबात धरावी.

आणि एक दिवस राखून ठेवा. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास उंचावर जाऊ नये, असा दंडक आहे. रेल्वे कोकणपट्टीतूनच येते, तेव्हा कर्जतकराला घोर नाही. पण घरी पोचताच कुणी ८०० मीटर उंचीच्या माथेरानचा बेत काढला, तर त्याला सांगा : आज नको, उद्या जाऊ. या एका दिवसाला पैसा पडत नाही. सगळ्या खर्चात मोलाचा मात्र तोच.