टॉवरखालची ज्वारी आणि आमची वकील पोर



खालच्या रानातली मालदांडी हुरड्यात आलीय. थंडी बरी धरली, दाणा टपोरा आहे. फक्त टॉवरच्या चार पायांच्या मधी काही नाही, नुसती हरळी आणि कुंदा. तिथं ट्रॅक्टरची पाळी बसत नाही आणि बैलांची पाभर वळत नाही. काल त्या टॉवरकडं बघत माझी पुतणी म्हणाली, "आप्पा, तुमचा राग गेला का?" म्हणून आज पिकाऐवजी हे लिहितोय.

ही आमच्या थोरल्या भावाची मुलगी. 2008 ला बारावी झाली आणि वकिली शिकायची म्हणाली. भाऊ आजारी होता. पहिल्या वर्षाची फी भरायला मी दावणीची एक गाय विकली. पाच वर्षांनी ती वकील झाली. आम्हाला वाटलं, सोलापूरला नाहीतर मंगळवेढ्याला काळा कोट घालून बसेल, गावाच्या बांधाच्या केसेस चालवेल. ती गेली मुंबईला. काम काय, तर वीज, कोळसा, खाणी, पाणी असल्या धंद्यांची वकिली.

सुरुवातीची दोन वर्षं तिनं नुसते करार वाचले. वीज विकत घ्यायचा करार 25 वर्षांचा असतो, एक शब्द चुकला तर तेवढी वर्षं भोगायचं. 2014 ला सुप्रीम कोर्टानं 204 कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं, तेव्हा ती नवीनच लागलेली. त्या दिवाळीला घरी आली नाही. मग वीज नियामक आयोगापुढच्या सुनावण्या. ते ऑफिस मुंबईत कफ परेडला. तिथं भांडण कशावरून? तर एका युनिटला किती पैसे! तिथं पटलं नाही तर दिल्लीच्या ट्रिब्युनलात आणि त्याच्याही पुढं सुप्रीम कोर्टात. आपल्या बिलावरचा आकडा असा ठरत येतो, हे मला तिच्यामुळं कळलं.

2019 ला माझ्या रानातून 400 केव्हीची लाईन आली. माझी संमती कुणी विचारली नाही, आणि कायद्यानं विचारायची गरजही नसते. वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली कंपनीला जुन्या तार कायद्याचे अधिकार मिळतात. 1885 चा कायदा! पण त्याच कायद्यात लिहिलंय की नुकसान कमीत कमी करायचं आणि पूर्ण भरपाई द्यायची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एकच ठाऊक, घरात वीजवाली वकील आहे.

फोन केला. नाव ऐकून ती गप्प झाली. म्हणाली, "आप्पा, त्या कंपनीचं काम आमच्या ऑफिसात आहे. मी तुमचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. ह्यात एक शब्द बोलू शकत नाही. तुम्ही सोलापूरला दुसरा चांगला वकील बघा, पण वेळ घालवू नका."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "पोरी, तुझ्यासाठी गाय विकली, ती ह्यासाठी का?" आणि फोन ठेवला. वर्षभर बोललो नाही.

त्याच वेळी एक जण गावात फिरत होता. शेतकऱ्यांच्या बाजूनं भांडतो म्हणायचा, आमच्याकडून खर्चाला पैसे घ्यायचा. आठ-दहा जणांनी कोऱ्या कागदावर सह्या दिल्या. नंतर कळलं, ते कागद संमतीपत्र होऊन कंपनीकडं गेले. गडी दोन्हीकडून घेत होता. त्या रात्री मला झोप नाही. जे त्यानं केलं, तेच मी माझ्या पुतणीला करायला सांगत होतो. एकाचं मीठ खाऊन दुसऱ्याला गुपित द्यायचं. तिनं नाही म्हटलं म्हणून मी तिला गाय काढून दाखवली.

नशीब, मी सही दिली नव्हती. सोलापूरचा वकील गाठला, जिल्हा न्यायाधीशांपुढं अर्ज टाकला. तार माझ्यावरून 110 मीटर जाते. 400 केव्हीचा पट्टा 46 मीटर रुंद. गुणाकार केला तर 5060 चौरस मीटर, म्हणजे 50 गुंठे. कंपनी नुसता टॉवरचा दीड-दोन गुंठा आणि उभं पीक धरत होती. वकिलांनी 2007 चा सुप्रीम कोर्टाचा केरळातला निकाल दाखवला. जमीन कुठं आहे, तार कशी जाते, जमिनीचा वापर किती अडतो, हे सगळं भरपाईत बघायचं असं त्यात आहे. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण पट्ट्याचे पैसे मिळाले.

मग मीच फोन केला. पहिल्यांदा म्हणालो, "चुकलो." ती रडली.

कुणाच्या रानात खुणा पडल्या असतील तर एवढं करा. काम सुरू व्हायच्या आधी पिकाचे, झाडांचे, पाईपलाईनचे फोटो काढा. पंचनामा वाचून, प्रत घेऊन मगच सही करा. कोऱ्या कागदाला हात लावू नका. झाडांची नोंद सातबाऱ्यावर आहे का बघा. केंद्राच्या 2015 च्या सूचनेत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के होते. जून 2024 च्या सूचनेत ते 200 आणि 30 टक्के झालेत. आपल्याकडं कुठला जीआर लागू आहे ते प्रांत ऑफिसात लेखी विचारा. आणि वकील कुणाचाही नातलग असो, पहिला प्रश्न हा: समोरच्याचं काम तुमच्याकडं आहे का?

आता शेजारच्या माळावर सौर प्रकल्पासाठी भाड्यानं जमीन मागतायत. सरकारी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि त्यावर 3 टक्के वाढ. मसुदा पुतणीला दाखवला. आधी तिनं कंपनीचं नाव विचारलं, ऑफिसात तपासलं, मगच चष्मा लावला. दोन तास वाचलं. मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये कोण काढणार, हे त्यात नव्हतंच. ते घाला म्हणाली. टॉवरच्या पायांत अडकलेल्या माणसाला ही गोष्ट आधी सुचायला हवी होती.

हुरडा अजून आठ दिवस आहे. या.