चढ आला की उतरायचं

"ताई, ह्या सायकलीनं कोकणातले चढ चढायचे नाहीत हं!" सायकलवाल्याने आधी माझ्या सायकलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोघींच्याही वयाचा हिशेब होता.

"चढ आला की उतरीन आणि ढकलीन," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं खरं. पण मैत्रिणींनो, आमच्या तीन दिवसांच्या सायकल-सहलीचं सगळं सार त्या एका वाक्यात होतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

आधी त्या सायकलीविषयी सांगते. माझं माहेर सांगलीचं. सपाट गाव, त्यामुळे आम्ही मुली शाळा-कॉलेजला सायकलनेच जायचो. बी.ए. होईपर्यंत माझी सायकल सुटली नाही. लग्न होऊन महाडला आले, तेव्हा वडिलांनी ती पाठवणीबरोबर पाठवून दिली. सासरी ती जिन्याखाली उभी राहिली, ती राहिलीच. कुणी 'नको' म्हटलं नाही आणि कुणी 'चालव' असंही म्हटलं नाही. मग मुलगा झाला, अर्ध्या वेळेची शिक्षिकेची नोकरी लागली आणि सायकलीच्या हँडलला कांद्यांची पिशवी लटकू लागली. तुमच्याही घरी जिन्याखाली असं काहीतरी असेलच. कुणाची हार्मोनियम, कुणाचे रंगांचे डबे. असतं ना?

२२ जुलै २०२१ चा महाडचा महापूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. आम्ही तो वरच्या मजल्यावरून पाहिला. सावित्रीचं पाणी जिन्याच्या एकेक पायरीनं वर येत होतं आणि आम्ही पायऱ्या मोजत होतो. पाणी ओसरल्यावर खाली गुडघाभर चिखल. त्यातून जी ती वस्तू ओढून काढायची आणि भंगारात टाकायची, असं कितीतरी दिवस चाललं होतं. सायकलही निघाली. भंगारवाल्याने उचललीसुद्धा. "ती राहू दे," मी म्हटलं. का म्हटलं, ते मलाही सांगता आलं नसतं. नवी गादी, नवी भांडी यांची सोय लागेना, आणि हिला गंजलेली सायकल हवी!

पुढे दोन वर्षांनी ती दुरुस्त झाली. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई पहाटे सायकल चालवत. त्यांच्याबरोबर मीही जाऊ लागले. मग धाकटी जाऊ आली. आणि एका पहाटे बाई म्हणाल्या, "आपण समुद्राच्या कडेनं जाऊ या का? दिवेआगर ते मुरूड. तीन दिवस."

घरी विषय काढला. हे म्हणाले, "त्यात काय, गाडीनं जाऊ की सगळेच!" आता हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. दरवर्षी गाडीनं जातोच. पण मागच्या सीटवर बसून, मांडीवर ओकणारं पोर, एका हातात लिंबू, दुसऱ्यात पिशवी. त्या रस्त्याची वळणं मला पोटातून पाठ होती, डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. रात्री झाकपाक करताना एवढंच म्हणाल्या, "तीन दिवस पोळ्या कोण करणार?" मी दोन दिवसांच्या दशम्या करून ठेवल्या आणि निघाले.

जानेवारी महिना होता. कोकणात सायकल चालवायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. पुढे ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात रस्ते निसरडे. टेम्पोत सायकली टाकून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला उतरलो. तिथून आरावी-कोंडविलवरून श्रीवर्धनचा रस्ता म्हणजे या वाटेचं सुख! उजव्या हाताला समुद्र इतका जवळ, की लाटेचा आवाज पायडलच्या ठेक्यात मिसळतो. नव्याने सायकल धरणारीनं इथूनच सुरुवात करावी. समुद्राकाठच्या पट्ट्यात चढ अगदी बेताचे आहेत.

श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांचं मूळ गाव आणि रोठा सुपारीचं. अंगणाअंगणांत सुपारी वाळत पडलेली. गाडीतून हा रंग दिसतो. पण वाळत्या सुपारीचा वास आणि मधूनच येणारा आंब्याच्या मोहोराचा वास सायकलवरच कळतो.

पुढे जावेच्या चाकात काटा गेला. आम्ही एका घराच्या अंगणात शिरलो आणि बादलीभर पाणी मागितलं. ट्यूब पाण्यात बुडवली की भोक कुठं आहे ते बुडबुड्यांनी कळतं. तेवढी जागा कोरडी करून घासायची, सोल्युशन लावायचं, थोडं वाळू द्यायचं आणि मग ठिगळ दाबून बसवायचं. फाटक्या परकराला ठिगळ लावणारीला यात कठीण ते काय? घरच्या वहिनींनी कोकमचं सरबत दिलं आणि विचारलं, "घरची सोडतात तुम्हांला?" काय उत्तर द्यावं कळेना. जाऊ म्हणाली, "सोडत नाहीत, आम्ही येतो." वहिनी हसल्या, पण हसताना त्यांनी एकदा मागे, घराकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं.

हरिहरेश्वरच्या अलीकडे चढ आला. बाईंच्या आणि जावेच्या सायकलींना गिअर. त्या गेल्या पुढे. माझ्या सायकलीला मागे जास्त दात्यांचं फ्रीव्हील बसवून घेतलं होतं. त्यानं पाय हलका पडतो, पण गिअरची सर नाही. उतरले. पहिल्या वेळी इतकी लाज वाटली, की मोटरसायकलवरून कुणी आलं की मी चेन बघत असल्याचं सोंग करी! तिसऱ्या चढाला सोंग सुटलं. ढकलत चालताना दगडांतून झिरपणारं पाणी दिसलं, करवंदीच्या जाळ्या दिसल्या. वर दोघी थांबलेल्या असत. त्यांना काही गाडी पकडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोट. माणसं, मोटारी, सायकली सगळं एकाच बोटीत चढतं आणि थोड्याच वेळात पलीकडे वेसवीला उतरतं. ही बाणकोटची खाडी, म्हणजे आमच्या सावित्रीचं मुख. मी कठड्याशी उभी होते. कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्या. एक पूर्वेला माझ्या माहेरी गेली, एक पश्चिमेला सासरी आली. पुरानंतर सावित्रीची मला भीती बसली होती. पावसाळ्यात रात्री उठून मी जिन्याच्या पायऱ्या बघते, अजूनही. आणि इथं ती एवढी रुंद, संथ, समुद्राला मिळत होती. भीती गेली असं म्हणणार नाही. पण आमच्या घरात शिरलेलं ते पाणी जातं कुठं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं.

वेसवीनंतरचा रस्ता परीक्षा पाहणारा. एक डोंगर उतरला की दुसरा उभा. अंतर फार नाही, पण केळशीला पोचायला दुपार टळली. उतारावर एक जपा: ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडे थोडे सोडत, दोन्ही मिळून वापरा. आणि निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे घाला.

केळशीत घरगुती खाणावळीत उतरलो होतो. (जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी भात मिळेलच असं नाही.) पान मांडलं आणि ह्यांचा फोन आला. मुलाला ताप. आवाज शांत होता, पण मागं तो रडत होता, "आई कुठंय?"

माझा घास तिथंच राहिला. आठ वर्षांचं पोर तापात आणि मी इथं समुद्र बघते आहे! मी उठलेच. एखादी रिक्षा, गाडी मिळते का विचारायला लागले. तेवढ्यात फोन सासूबाईंनी घेतला.

"तू काय करणार येऊन? डॉक्टरांचं औषध झालंय. तीन पोरं वाढवली मी, ताप काय मला नवा आहे?" मग जरा थांबून, "जेवलीस का?"

"नाही, आई."

"मग जेव आधी. आणि उद्या अंजर्ल्याला गणपतीला माझा नमस्कार सांग. मला एकदा जायचं होतं, राहूनच गेलं."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहाटे ताप उतरल्याचा फोन आला, तेव्हा सायकलीवर हात ठेवला. तिसऱ्या दिवशीचा प्रत्येक चढ मला आदल्या दिवसापेक्षा जड गेला, आणि तो काही फक्त पायांमुळे नव्हे.

अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती नावाप्रमाणेच उंचावर आहे. खाली नारळी-पोफळी, पलीकडे समुद्र आणि त्यात सुवर्णदुर्ग. सासूबाईंचा नमस्कार सांगितला. 'राहूनच गेलं' हे शब्द काही केल्या कानांतून जाईनात. दुपार तिथंच काढून संध्याकाळी हर्णैला आलो तर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरलेला. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांतला माल आणत होत्या आणि कोळणी उभ्या उभ्या भाव तोडत होत्या. 'घरची सोडतात का' असं त्यांना कुणी विचारत असेल का?

दिवस कलता मुरूड. महर्षी कर्व्यांचं गाव. मुलगा असताना परीक्षेसाठी ते इथून डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. त्याच माणसानं १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. त्या वाळूवर सायकल टेकवून आम्ही तिघी बराच वेळ गप्प बसलो. मग टेम्पो आला.

घरी पोचलो तेव्हा मुलगा झोपला होता. सकाळी मी कपाळाला हात लावला तर त्यानं तो बाजूला केला. "मी आजारी होतो तेव्हा तू नव्हतीस." दुपारी शाळेतून येऊन बघते तर सायकलीच्या मडगार्डमधली वाळू काढत बसला होता. "ही कुठली गं?" त्यानं विचारलं, आणि मी सांगत बसले. पण सकाळच्या त्या वाक्याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं असेल तर जरूर कळवा.

कुणाला जायचं असेल तर थोडं सांगते. ओढणी घरी ठेवा. चाकात अडकली तर जिवावर बेतेल. सामान पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. पंप, जादा ट्यूब, ठिगळं आणि सोल्युशन हवंच. पाण्यात मीठ-साखर घाला, खिशात चिक्की असू द्या. उजाडताच निघा, अकराला सावली धरा. फेरीबोटीची वेळ आधी विचारून घ्या. आणि बायकांची जी नेहमीची अडचण, त्यासाठी रस्त्यावर आडोसा शोधत बसू नका. ज्या अंगणात तुळस आणि बाईमाणूस दिसेल तिथं सरळ विचारा. आम्हांला एकाही घरानं नाही म्हटलं नाही.

पुढच्या जानेवारीत अंजर्ल्याला परत जायचं ठरतंय. यंदा गाडी बरोबर असेल. मागच्या सीटवर सासूबाई, हातात लिंबू घेऊन. त्यांनाही गाडी लागते म्हणे, इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. मी सायकलवर. चढ आला की उतरीन आणि ढकलीन. त्यांनी वर थांबायचं कबूल केलंय.