एका मिनिटात किती थेंब?

मुलांनो, वर्गात भागाकार आला की कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, ह्या गणिताचा पुढे उपयोग काय?" पूर्वी मी म्हणायची, "मोठे झालात की कळेल." खरं सांगू? मला स्वतःलाही ते फार उशिरा कळलं, आईच्या खाटेशेजारी बसल्यावर.

काही वर्षांपूर्वीची, श्रावणातली गोष्ट. आमचं घर देवबागला. आईला दिवसभर जुलाब-उलट्या झाल्या. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. त्यात तिचं हृदय आधीच अशक्त. रिक्षाने तिला मालवणला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. सिस्टरनी बाटली टांगली, सुई लावली आणि घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं. नळीवरचं छोटं चाक किंचित फिरवलं, पुन्हा मोजलं आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

टप्... टप्... थेंब फारच सावकाश पडत होते. देवबागची शेवटची एस.टी. चुकणार होती. घरी लहानगी लेक वाट बघत होती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ते चाक हळूच फिरवलं. थेंब भराभर पडू लागले. वाटलं, चला, लवकर उरकेल!

दहा मिनिटांत सिस्टर परत आल्या. "ह्यां चाक कोणी फिरवल्यान?" माझी मान खाली गेली. त्यांनी घड्याळ लावून थेंब मोजले, चाक जागेवर आणलं, आईचा श्वास आणि नाडी पाहिली. मग म्हणाल्या, "बाईनू, तुमी शाळेत गणित शिकवतास मां? मगे ह्यां सोडवा बगूया."

गणित असं होतं. बाटलीत 500 मिलिलिटर सलाईन. त्या नळीच्या पाकिटावर छापलं होतं, 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. म्हणजे एकूण थेंब 10,000. डॉक्टरांनी दिलेला वेळ 6 तास, म्हणजे 360 मिनिटं. 10,000 भागिले 360, साधारण 28. मिनिटाला 28 थेंब, 15 सेकंदांत 7. माझ्या कृपेने 14 पडत होते!

सहा तासांचं पाणी तीन तासांत गेलं असतं. अशक्त हृदयाला ते झेपलं नाही, तर पाणी फुप्फुसांत साचतं, माणसाला धाप लागते. फार सावकाश गेलं, तर सुकलेल्या शरीराला ते वेळेवर मिळत नाही. म्हणून डॉक्टर वय, वजन, आजार पाहून वेग ठरवतात.

1832 साली स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. पहिली रोगी एक म्हातारी. तिला चांगली हुशारी आली, म्हणून ते निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती वारली. सलाईन लावून भागत नाही, लक्षही ठेवावं लागतं. आता मोठ्या रुग्णालयांत यंत्रं वेग सांभाळतात, पण त्यांत आकडा माणसालाच भरावा लागतो.

त्या रात्री शेवटची एस.टी. चुकली. मी आईजवळ बसून थेंब मोजत राहिले. सात. पुन्हा सात. पहाटे आईने डोळे उघडून पेज मागितली.

तेव्हा मुलांनो, सलाईनच्या चाकाला कधीही हात लावू नका. थेंब थांबले किंवा जोरात पडू लागले, तर सिस्टरना हाक मारा.

आणि हे सोडवा : तान्ह्या बाळाच्या नळीतले थेंब इवलेसे, 60 थेंबांचा 1 मिलिलिटर. बाळाला तासाला 30 मिलिलिटर द्यायचं, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर पाहून गंमत वाटेल. तसं का येतं, तेही शोधा!