उघड्या पुस्तकाची परीक्षा

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आम्ही पुन्हा परीक्षेस बसलो, आणि तेही गणिताच्या, हे ऐकून आमच्या स्नेह्यांपैकी काहींनी कौतुक केले, तर काहींनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली. परंतु ती परीक्षा घरी बसून, संगणकाच्या द्वारे, पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची होती असे कळताच बहुतेकांची मुद्रा पालटली. "म्हणजे समोर पाहून उतरून काढायचे! मग त्यात परीक्षा ती कसली?" हा प्रश्न देवळाच्या सभामंडपात आम्हांस निदान दहा जणांनी विचारला असेल. खरे सांगावयाचे तर प्रारंभी आमचाही ग्रह तोच होता. तो कसा दूर झाला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले काका वैदिक होते. संहिता, पद, क्रम, जटा आणि घन या पाठांची त्यांची तयारी पाहून बाहेरगावचे लोकही माना डोलावीत. घनपाठात दोन-तीन पदे पुढे-मागे, उलट-सुलट अशी फिरवून म्हणावयाची असतात. त्यामुळे एक अक्षरही गळण्यास वाव राहत नाही. पोथी समोर ठेवून म्हणणे काकांस मुळीच खपत नसे. पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत आणि लिहिलेले पाहून वाचणारा हा त्यांपैकी एक होय, असे ते आम्हांस वारंवार बजावीत. त्यांच्या हाताखाली वाढल्यामुळे आम्हीही पाठांतरात तरबेज झालो. महाविद्यालयात गणिताच्या सिद्धता आम्ही स्तोत्रांसारख्या घोकल्या, आणि दोन वर्षे त्यांनी आम्हांस तारूनही नेले.

तिसऱ्या वर्षी, १९७६ साली, परीक्षकाने प्रश्नातील एकच शब्द बदलला. 'संवृत अंतराल' या ठिकाणी त्याने 'विवृत अंतराल' घातले आणि विधान खरे की खोटे ते विचारले. आम्ही तो शब्द वाचलाच नाही. पाठ केलेली सिद्धता अथपासून इतिपर्यंत सुवाच्य अक्षरांत लिहून दिली. अशाच आणखी दोन प्रश्नांत फसलो आणि अनुत्तीर्ण झालो. त्याच वर्षी वडील गेले. पुढे देवस्थानच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून चिकटलो, ते ३८ वर्षे कीर्द-खतावणी सांभाळून निवृत्त झालो. पदवीचे नाव घरात पुन्हा कोणी काढले नाही, आम्हीही नाही.

२०१८ साली मात्र कोणासही न विचारता एका विद्यापीठाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमास आम्ही नाव घातले. तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर आलो तो महामारी आली. जुलै २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा प्रत्यक्ष, ऑनलाइन अथवा दोन्ही मिळून घेण्यास मुभा दिली. ऑगस्ट २०२० मध्ये दिल्ली विद्यापीठाने उघड्या पुस्तकाच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. आमची पाळी ऑगस्ट २०२१ मध्ये आली. लिहिण्यास दोन तास आणि उत्तरे चढविण्यास एक तास होता. पत्र वाचून आम्ही मनात म्हटले, ४५ वर्षांनी परीक्षा चालून आली आहे, ती आता काय अवघड!

पहिला सराव आम्ही मोठ्या थाटाने केला. मेजावर सात पुस्तके व तीन वह्या मांडल्या, एक जुनी प्रश्नपत्रिका घेतली व घड्याळ लावले. दोन तास संपले तेव्हा पाच प्रश्नांपैकी दीड प्रश्न झाला होता. उरलेला सारा वेळ पाने उलटण्यात गेला. एक प्रमेय कोणत्या पुस्तकात आहे ते आठवेना. सापडले तर ते याच प्रश्नाच्या कामाचे आहे की नाही ते कळेना. आतून सौ.ने हे सर्व पाहिले होते. ती म्हणाली, "पुस्तक उकतें आसलें म्हणून कितें जालें? तकली उकती जाय न्हय?"

त्या उद्गाराने आम्ही अंतर्मुख झालो. पंचांग तर घरोघरी खुंटीला टांगलेले असते. तरी मुहूर्त काढण्यास आपण जोशीबुवांकडेच जातो. पुराणिकांपुढे पोथी सोडलेली असते, पण कोणता अध्याय कोठे आहे आणि त्यातील कथेचा श्रोत्यांस काय उपयोग, हे त्यांना पोथी सोडण्यापूर्वीच ठाऊक असते. त्या रात्री आम्ही माळ्यावरून काकांचे ग्रंथ उतरविले आणि पाणिनीय शिक्षेतील ते स्थळ काढले. गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलविणारा, लिहिलेले वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दुबळ्या आवाजाचा, असे ते सहा अधम पाठक. आयुष्यभर आम्ही त्यांतील चौथा तेवढा लक्षात ठेवला होता. पाचवा त्याच्या शेजारीच बसलेला होता, आणि तो म्हणजे १९७६ सालचे आम्हीच, हे त्या रात्री प्रथम ध्यानी आले.

आमची नात गणितातच पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अशी परीक्षा ती आदल्या वर्षी देऊन चुकली होती. तिने आम्हांस एक रीत घालून दिली. "आजोबा, प्रत्येक प्रमेयासाठी एकच पान करा. वर विधान लिहा. मग त्यातली एकेक अट खोडा, आणि सिद्धतेची कोणती पायरी ढासळते ते शोधा. शेवटी ती अट नसताना विधान खोटे ठरते असे एक उदाहरण लिहा. पुस्तकाचा पृष्ठांक कोपऱ्यात घाला. परीक्षेत पुस्तक लागले तर तेवढ्यासाठीच लागावे."

आम्ही आरंभ केला तो त्या जुन्या शत्रूपासूनच. संवृत अंतरालावर, म्हणजे ज्यात दोन्ही टोके समाविष्ट आहेत अशा अंतरालावर, संतत असलेले फलन मर्यादित असते, हे ते प्रमेय. आता टोके वगळा. ० आणि १ यांच्या दरम्यान १ भागिले क्ष हे फलन घ्या. क्ष ०.१ असता उत्तर १०, ०.०१ असता १००, ०.००१ असता १०००; त्यास कोठेच अंत नाही. फलन तर जागोजाग संतत आहे. मग सिद्धता मोडते कोठे? सिद्धतेत आपण क्षणभर असे मानतो की फलन अमर्याद आहे, आणि जेथे त्याची किंमत १ पेक्षा, २ पेक्षा, ३ पेक्षा मोठी आहे असे बिंदू एकामागून एक निवडत जातो. प्रागचे धर्मोपदेशक बोल्झानो आणि जर्मन गणिती वायरस्ट्रास यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय सांगते की, या बिंदूंतून अशी एक रांग काढता येते जी एका ठिकाणाच्या निकट निकट जाते. अंतराल संवृत असेल तर ते ठिकाण घराच्या आतच असते. तेथे फलनास निश्चित किंमत असते, आणि आपले मानणे चूक ठरते. अंतराल विवृत असेल तर ती रांग उंबरठा ओलांडून ० कडे निघून जाते आणि सिद्धता रिकाम्या घरात उभी राहते. ज्या एका शब्दाने आमची पदवी गेली, त्याचा अर्थ आम्हांस ४५ वर्षांनी असा कळला. आम्ही ते पान बराच वेळ हातात धरून बसलो.

अशी ३४ पाने झाली. मग केवळ त्यांची अनुक्रमणी म्हणून दोन पाने केली. सराव करताना पहिला तास पुस्तके मिटून ठेवीत असू आणि दुसऱ्या तासात फक्त खात्रीसाठी उघडीत असू. यांत्रिक बाजूचीही तालीम करावी लागली. गडद शाईने कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, प्रत्येक पानावर क्रमांक घालावा, छायाचित्र घेताना खिडकीचा प्रकाश पाठीशी न ठेवता बाजूने घ्यावा म्हणजे आपली सावली कागदावर पडत नाही, सर्व पानांची क्रमवार एकच पीडीएफ करावी आणि ती उघडून पाहिल्याखेरीज धाडू नये, हे सारे नातीने आमच्याकडून चार वेळा करवून घेतले. मे २०२१ मधील तौक्ते वादळात विजेने केलेले हाल ताजे होते, म्हणून इन्व्हर्टरही आधीच तपासून ठेवला.

परीक्षेचा दिवस पावसाचा होता. दुसरा प्रश्न वाचताच आम्हांस हसू आले. ० आणि १ यांच्यामधील विवृत अंतरालावर फलन संतत आहे, आणि दोन्ही टोकांकडे जाताना त्यास सांत सीमा आहेत. तर ते मर्यादित असेल काय? हा प्रश्न आमच्या सातही पुस्तकांत नव्हता, पण आमच्या पहिल्या पानात होता. टोकांना त्या सीमांच्याच किमती द्याव्यात, म्हणजे वगळलेला उंबरठा पुन्हा बसतो, अंतराल संवृत होते आणि जुने प्रमेय लागू पडते. सहा ओळींत उत्तर झाले.

चौथा प्रश्न मात्र काही केल्या सुटला नाही. दोन तास संपत आले तेव्हा छायाचित्रे घेण्यासाठी आम्ही भ्रमणध्वनी हाती घेतला, तो सहाध्यायांच्या गटात कोणीतरी त्याच प्रश्नाचे सोडविलेले उत्तर पाठविले असल्याचे दिसले. पंधरा गुणांचा तो प्रश्न होता. खोलीत कोणी नव्हते. कोरे कागद समोर होते, आणि चढविण्याचा सबंध तास शिल्लक होता. पुस्तक उघडण्यास जर अनुमती आहे, तर हेही एक पुस्तकच नव्हे काय, असा युक्तिवाद मनाने तत्काळ उभा केला, हे आम्ही लपवीत नाही. ३८ वर्षे देवस्थानची दानपेटी आम्ही कधी एकट्याने उघडली नाही; दोन महाजन समोर असत आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज रक्कम कीर्दीत चढत नसे. त्या सह्या म्हणजे आमच्यावरील अविश्वास, असे तरुणपणी आम्हांस वाटे. आज सही करणारे कोणीच समोर नव्हते. आम्ही तो निरोप न उघडता दूर सारला, चौथ्या प्रश्नाचे पान अर्धे लिहिलेले होते तसेच ठेवले, आणि अकरा पाने क्रमाने लावून धाडून दिली.

परीक्षेत आम्हांस ५८ गुण मिळाले. पदवी हाती आली तेव्हा काकांच्या तसबिरीपुढे ती ठेवली. पाठांतर त्यांनी शिकविले नसते तर अर्थ कशाचा लावावयाचा, हेही उरले नसते. ज्यांच्या मुला-नातवंडांवर अशी परीक्षा देण्याचा प्रसंग येईल त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, पुस्तक उघडे आहे म्हणून त्यांना निश्चिंत राहू देऊ नये. पुस्तक मिटलेले असताना जे उमगले असेल तेच त्या दिवशी उघडते. आणि त्या अर्ध्या पानाविषयी म्हणाल, तर त्या गुणपत्रिकेवर कोणा महाजनाची सही नाही. तरी जमाखर्चाचा मेळ आमच्यापुरता बसला आहे.