राहनाळमध्ये १०६० की ५८०

एनव्हिडियाचे जीफोर्स जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड १९ जुलै २०१६ रोजी बाजारात आले. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ५८० त्यानंतर नऊ महिन्यांनी, १८ एप्रिल २०१७ रोजी. पहिल्याची सहा जीबीची आवृत्ती २४९ डॉलरची, दुसऱ्याची आठ जीबीची आवृत्ती २२९ डॉलरची. तेव्हाच्या दराने अनुक्रमे साधारण १६ हजार ७०० आणि १४ हजार ८०० रुपये. आयातदार, वितरक, दुकानदार आणि कर यांतून जाता जाता भारतातली किंमत याहून बरीच वर जाई. २०१६ मध्ये आठवीत शिकणाऱ्या आणि बाप गोदामात किंवा मागावर कामाला असणाऱ्या मुलाने घरात बोलूनही दाखवावी अशी ती रक्कम नव्हती. अशा घरांत ही कार्डे पोहोचली ती पाच-सहा वर्षांनी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने. त्यामुळे दोघांची तुलना नव्या, सीलबंद डब्यांची करून भागत नाही. राबून आलेल्या कार्डांची करावी लागते, आणि ती ज्या घरात बसणार त्या घरासकट.

राहनाळ हे भिवंडी शहराला अंजूरफाट्याच्या बाजूने खेटलेले गाव. ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून येणारा जुना आग्रा रोड काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा भिवंडीत शिरतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी मुंबईच्या दाराशी. नाशिकचा महामार्ग आणि न्हावाशेव्याचे बंदर दोन्ही आवाक्यात. या सोयीमुळे इथे कपड्यापासून औषधांपर्यंत आणि किराण्यापासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंपर्यंत सगळा माल उतरू लागला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढली. शहराच्या आतल्या अंगाला यंत्रमाग. म्हणजे हवेत एकीकडून ट्रेलरची धूळ, दुसरीकडून कापसाचे बारीक तंतू. घर एक-दोन खोल्यांचे, वर पुष्कळदा पत्रा, आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली असेंबल केलेला पीसी. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात असा पीसी चालतो तेव्हा त्याची ऊब सगळ्या घराला सोसावी लागते. ग्राफिक्स कार्डाच्या चाचण्या वातानुकूलित खोलीत, उघड्या टेस्ट बेंचवर होतात. इथल्या खरेदीदाराला ते आकडे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

कागदावर ५८० वरचढ आहे. त्याची गणनक्षमता सुमारे ६.२ टेराफ्लॉप्स, १०६० ची सुमारे ४.४. कूलर काढून बोर्ड पाहिला की दुसरा एक फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. मधल्या चौकोनी चिपभोवती मेमरीच्या काळ्या चिपा बसवलेल्या असतात. ५८० च्या आठ जीबीच्या बोर्डावर त्या आठ, १०६० च्या सहा जीबीच्या बोर्डावर सहा. प्रत्येक चिप ३२ बिटांच्या वाटेने जोडलेली. म्हणून एकाचा मार्ग २५६ बिटांचा, दुसऱ्याचा १९२ बिटांचा. सेकंदाला एकातून २५६ जीबी माहिती जाते, दुसऱ्यातून १९२ जीबी. गोदामाला सहाऐवजी आठ दरवाजे असले की माल लवकर हलतो, तसे हे आहे. १०६० च्या काही बोर्डांवर आणखी दोन चिपांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या दिसतात.

असे असूनही २०१७ च्या खेळांत दोघांचे फ्रेमरेट जवळपास सारखेच येत. याचे कारण ड्रायव्हर. त्या काळचे बहुतेक खेळ डायरेक्टएक्स ११ वर चालत, आणि तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर कमी ओझे टाकत असे. एएमडीचा ड्रायव्हर ते ओझे बऱ्याच अंशी एकाच कोअरवर टाकी. नवा, तगडा प्रोसेसर असेल तर हे जाणवत नाही. पण राहनाळसारख्या ठिकाणी जुने कार्ड सहसा जुन्याच पीसीत बसते: एखाद्या कंपनीने काढून टाकलेला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय फाइव्ह, आठ जीबी रॅम. अशा यंत्रावर जीटीए ५ किंवा त्या वयाचा कोणताही खेळ १०६० वर अधिक सलग चालतो, ५८० वर मध्येमध्ये अडखळतो. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन ही नवी तंत्रे आली तसे चित्र पालटले. जुलै २०१६ मध्ये ‘डूम’ला व्हल्कनची जोड मिळाली तेव्हा एएमडीच्या कार्डांनी घेतलेली उडी अनेकांना अनपेक्षित होती. पुढे खेळ जसजसे नव्या पद्धतीने लिहिले जाऊ लागले तसतसे ५८० थोडे थोडे पुढे सरकत गेले. आठ जीबी मेमरीचाही फायदा झाला. टेक्स्चर वरच्या दर्जाचे ठेवले तरी त्याचा दम लवकर संपत नाही.

खेळ काढणाऱ्या कंपन्यांनी मात्र या दोघांना एका ओळीत बसवले, आणि त्या ओळीचे खाली सरकणे म्हणजेच या कार्डांचे वय. नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’साठी सहा जीबीचे १०६० हे शिफारस केलेले कार्ड होते. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हाही ते शिफारशीतच होते. २०२३ मध्ये त्याच खेळाच्या अटी बदलल्या आणि १०६० व ५८० दोन्ही किमान गरजेच्या रकान्यात गेली. ऑगस्ट २०२४ च्या ‘ब्लॅक मिथ वुकाँग’लाही किमान म्हणून हीच जोडी होती. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाने रे ट्रेसिंगचे हार्डवेअर सक्तीचे केले; ते या दोघांत नाही, त्यामुळे ही कार्डे त्या खेळाच्या अटींत बसतच नाहीत. स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या मासिक पाहणीत १०६० चार वर्षांहून अधिक काळ जगात सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड होते. इतक्या लोकांनी इतका काळ ज्याच्यावर भिस्त ठेवली, त्याला जुनाट म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

या दोन्ही प्रकारच्या पुष्कळ कार्डांच्या आयुष्यात मात्र एक मोठा खंड असा आला की त्यांच्यावर खेळ चाललेच नाहीत. इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी, म्हणजे मायनिंगसाठी, ग्राफिक्स कार्डे राबवली जात. व्होल्टेज आणि मेमरीची वेळ नीट बसवली की ५८० सेकंदाला सुमारे तीन कोटी हॅश, म्हणजे त्या चलनासाठीची गणिते, काढत असे, १०६० त्याहून कमी. म्हणून २०१७ मध्ये ५८० बाजारात येताच दुकानांतून गायब झाले आणि जे उरले त्याची किंमत चढली. २०१८ मध्ये लाट ओसरली, २०२०-२१ मध्ये पुन्हा उसळली. ती दुसरी लाट नेमकी टाळेबंदीत आली. २०१६ मध्ये आठवीत असलेली मुले तेव्हा बारावीत होती. वर्ग मोबाइलवर भरत होते, परीक्षा रद्द झाली होती, आणि वेळ असूनही कार्ड परवडत नव्हते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने काम करण्याची पद्धतच बदलली, मायनिंग एका दिवसात थांबले आणि देशोदेशींची लक्षावधी कार्डे विक्रीला निघाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत आणि ओएलएक्सवर ती आली ती तेव्हाच, आणि कॉलेजात गेलेल्या त्या मुलांच्या हाती अखेर लागली.

मायनिंगचे कार्ड म्हणजे मेलेले कार्ड, हा समज पुरता खरा नाही. एकाच तापमानावर अखंड चालणारी चिप वारंवार तापून थंड होणाऱ्या चिपेपेक्षा कमी ताण सोसते. झिजतात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट, सुकतात ते मेमरीवरचे पॅड. या तिन्ही गोष्टी थोड्या पैशांत बदलता येतात. खरा प्रश्न कार्ड कोणत्या जागेत राबले हा असतो. कोंदट पत्र्याच्या खोलीत डझनभर कार्डांच्या मांडणीत राबलेल्या कार्डाची मेमरी आतून कमकुवत झालेली असू शकते, आणि ते बाहेरून कळत नाही. शिवाय अशा ५८० वर मायनिंगसाठी बदललेला बायॉस पुष्कळदा तसाच राहिलेला असतो. तो मूळ बायॉसने बदलला नाही, तर खेळताना पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात किंवा पीसी अचानक बंद पडतो.

नकली मालाचा धोका दोन्हीकडे आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी. ५८० च्या नावाने ‘२०४८ एसपी’ ही आवृत्ती फार विकली जाते. ती मुळात चीनच्या बाजारासाठी २०१८ मध्ये आली आणि आतून जवळपास आरएक्स ५७० च आहे. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये शेडर्सचा आकडा पाहावा. खऱ्या ५८० ला २३०४ दिसतात. १०६० च्या बाबतीत त्याहून धडधडीत फसवणूक होते: फार जुन्या, कमकुवत चिपेवर बायॉस बदलून १०६० चे नाव चढवलेले असते. अस्सल १०६० ला निळा व्हीजीए पोर्ट नसतो, त्यामुळे तो दिसला की व्यवहार तिथेच थांबवावा. तीन जीबीची १०६० नकली नसली तरी वेगळी चीज आहे. तिची मेमरी निम्मी आणि कोअरही कमी, १२८० ऐवजी ११५२. आज ती कोणत्याही भावात घेण्याजोगी राहिलेली नाही.

विजेचा हिशेब भिवंडीकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मागाच्या गावात युनिटचा दर घरोघरी तोंडपाठ असतो. १०६० ची मर्यादा १२० वॅट, ५८० ची १८५. फरक ६५ वॅटचा. रोज चार तास खेळ धरला तर महिन्याला सुमारे ७.८ युनिटे, आणि युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला बासष्ट-त्रेसष्ट, वर्षाला साडेसातशे रुपये. दोन वर्षे वापरायचे असेल, तर १०६० दीड हजाराने महाग मिळाले तरी हिशेब बरोबरीत सुटतो. रेडिऑनच्या ड्रायव्हरमध्येच व्होल्टेज थोडे उतरवायची सोय आहे. तसे केले आणि फ्रेम साठवर बांधल्या तर ५८० ची भूक आणि ऊब दोन्ही कमी होतात. सगळ्यांनी हे करावे, पण फार थोडे जण करतात.

या हिशेबापेक्षा पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस महत्त्वाचा. १०६० ला सहसा सहा पिनांची एक जोडणी लागते, ५८० ला आठ पिनांची. पहिल्यासाठी ४०० वॅटचा एसएमपीएस सांगितला आहे, दुसऱ्यासाठी ५००. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसच्या पाठीवर ४५० किंवा ५०० लिहिलेले असते, पण तो आकडा भरवशाचा नसतो. दोन मोलेक्स प्लग जोडून आठ पिना बनवणारा अडॅप्टर लावून ५८० चालवणे म्हणजे वायर जळण्याला आमंत्रण. कंपन्यांतून निघालेल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये तर २४० वॅटचा आणि खास मापाचा एसएमपीएस असतो. त्यात ही दोन्ही कार्डे बसवू नयेत, वेगळी जोडणी न लागणारे ७५ वॅटचे जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० पाहावे.

खेळाबरोबर काम करायचे असेल तर पारडे सरळ १०६० कडे झुकते. २०१६ चा आठवीतला मुलगा आता कमावत्या वयाचा आहे. लग्नाचे व्हिडिओ कापणे, रील बनवणे, ब्लेंडरमध्ये एखादे मॉडेल उभे करणे यातून कुणाकुणाला चार पैसे मिळतात. व्हिडिओ रेकॉर्ड आणि एन्कोड करण्यात १०६० ची चिप सरस आहे. ब्लेंडरने डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत ओपनसीएलचा आधार काढून टाकला, तेव्हापासून ५८० वर ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनाचे रेंडरिंग होत नाही. १०६० वर ते एनव्हिडियाच्या क्युडाच्या आधाराने होते. ज्या घरात एकच यंत्र सगळ्यांसाठी आहे, तिथे हा मुद्दा दहा-पंधरा जादा फ्रेमपेक्षा मोठा आहे.

ड्रायव्हरच्या बाबतीत दोघांचीही उतरती कळा सुरू झाली आहे. एएमडीने २०२३ च्या अखेरीस ५८० चे कूळ वेगळ्या, संथ वाटेवर टाकले. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. लिनक्स वापरणाऱ्याला मात्र ५८० अधिक काळ साथ देईल, कारण तिथला त्याचा ड्रायव्हर मुक्त स्रोताचा आहे आणि कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही.

निवाडा असा. चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा एसएमपीएस असेल, प्रोसेसर बरा असेल आणि फक्त खेळायचे असेल, तर २३०४ शेडर्सचे आठ जीबीचे ५८० घ्यावे. राहनाळमधल्या बहुतेक घरांत, जुन्या प्रोसेसरवर, उकाड्यात आणि कामासाठीही वापरायचे असेल तर सहा जीबीचे १०६० च योग्य. खिशात थोडे अधिक असतील तर दोन्ही सोडून सेकंडहँड आरएक्स ६६०० शोधावे. १३२ वॅटमध्ये ते या दोघांनाही खूप मागे टाकते. कोणतेही घ्या, विक्रेत्यासमोर अर्धा तास खेळ चालवून पाहा, जीपीयू-झेड उघडून आकडे जुळवा, आणि मगच पैसे द्या. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडून पंख्यांतली धूळ आणि कापसाचे तंतू ब्रशने काढायला विसरू नका.